आम्ही आठच्या आठ हरलो तो हिवाळा

आई, गेल्या शनिवारी आमची कॉलेजची जुनी टीम वेम्बलीला जेवायला जमली होती. टीम म्हणजे तीच, अमेरिकन फुटबॉलची. चौदा जण आले. सगळे चाळिशीच्या आसपास, दोघांना टक्कल पडलंय, एकाचा गुडघा बदललाय, आणि आमच्या वेल्श कॅप्टनला खुर्चीत बसवायला टेबल हातभर सरकवावं लागलं. वेटरने ताटं आणायला सुरुवात केली. पहिलं ताट ज्याच्यापुढे आलं तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. दुसराही तसाच. पाचसहा ताटं मांडून झाली तरी कोणी घास उचलेना, तसा वेटर कावराबावरा झाला. त्याला वाटलं, जेवणात काही निघालं की काय. शेवटचं ताट आल्यावर कॅप्टनने माझ्याकडे बघून विचारलं, "आता?" मी मान हलवली तेव्हा कुठे ते धटिंगण जेवायला लागले. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तू लावलेली शिस्त अजून कोणी मोडत नाही. मी फार खूश झाले.

मी त्या टीमची सेक्रेटरी कशी झाले हे तुला कधी नीट कळलं नाही, कारण मलाच ते नीट कळलेलं नव्हतं. सेकंड इयरच्या सुरुवातीला क्लबची मीटिंग होती. मैत्रीण म्हणाली फुकट पिझ्झा आहे, म्हणून गेले. पाच माणसं आली होती. सेक्रेटरी कोण होणार असा प्रश्न निघाला, तेव्हा लिहून घ्यायला पेन फक्त माझ्याकडे होतं. झालं. घरी येऊन सांगितलं तेव्हा तू कणीक मळत होतीस.

"मुलांच्या टीममध्ये तू काय करणार?"

"माणसं मोजायची."

"त्यासाठी कॉलेजात जावं लागतं?"

तुझं हे असं. पण माझं काम खरंच तेवढं होतं, आणि ते सोपं नव्हतं. आमच्या लीगचा नियम होता की हेल्मेट आणि पॅड घालून अठरा खेळाडू उभे असतील तरच मॅच सुरू व्हायची. सतरा असले की मॅच गेली. आमचं कॉलेज एवढंसं, हौशे-गवशे धरून जेमतेम तीस नावं. स्टुडंट युनियनने आम्हाला स्पष्ट बजावलं होतं की वर्षाच्या आठही मॅच पूर्ण झाल्या नाहीत तर क्लब बंद होईल आणि आमचं पिच रग्बीवाल्यांना जाईल. जिंका असं कोणी म्हणतच नव्हतं. फक्त हजर राहा.

तेवढंही जमेना. आमचा कोच पेशाने पोस्टमन होता. हा खेळ तो लहानपणी टीव्हीवर बघून शिकलेला, आणि त्याच्या वाट्याला आलेली पोरं टीव्हीतल्यांच्या निम्मी. पहिल्या तीन मॅचमध्ये मिळून आमच्या नावावर एक पॉइंट लागला नाही. समोरच्यांचे किती झाले ते मी सांगायचे तेव्हा बाबांना वाटायचं मी क्रिकेटचा स्कोअर सांगतेय. तिसाचे एकोणीस झाले. दर रविवारी सकाळी आठला मी हॉस्टेलच्या दारांवर धडका मारत फिरायचे, आतून कोणीतरी उशी फेकायचं, आणि मी तरीही मोजत राहायचे. तुला मी एकदा खेळ समजावून सांगितला होता, की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. तू विचार करून म्हणालीस, "चारदा संधी देतात? मग चांगलाच आहे की खेळ."

तिसरी मॅच हरल्यानंतरचा बुधवार आहे. लंडनच्या टोकाला, पिनरच्या आपल्या स्वयंपाकघरात, त्या हलणाऱ्या टेबलाशी मी युनियनला द्यायचं पत्र लिहितेय, की आम्ही उरलेल्या मॅचमधून नाव काढून घेतो. शाळेच्या किचनमधली तुझी शिफ्ट संपवून तू आलेली आहेस, अंगाला अजून तिथल्या चिप्सचा वास आहे, आणि समोर बसून मेथी निवडते आहेस. पुण्यात तू मराठी शिकवायचीस आणि एजवेअरला तीनशे पोरांना मटार वाढायचीस. यावर तुला कधी कुरकुरताना मी ऐकलं नाही.

"किती राहिल्यात?" तू विचारलंस.

"पाच."

"आणि तूच आधी उठणार?"

"आई, हे लग्नाचं जेवण नाहीये."

"पंगत उठायच्या आधी एकटीने उठायचं नसतं. भूक नसेल तर मीठ चाटत बस. पण बस." मग तू मेथीची जुडी खाली ठेवलीस आणि आवाज चढवलास, जो तू क्वचित चढवायचीस. "एक उठला की दुसरा उठतो, मग वाढणाऱ्यांनी कोणाकडे बघायचं? तू तर वाढपी आहेस त्यांची. वाढपीच निघाली तर काय उरलं?"

मला राग आला होता. तुला त्यातलं काय कळतं, असं मी म्हणाले. तू परत मेथी हातात घेतलीस आणि उरलेली जुडी निवडून संपवलीस. मग अगदी साध्या आवाजात विचारलंस, "रविवारी मैदानावर येताना ती मुलं काय खाऊन येतात?"

"काहीच नाही. फार तर सिरियल."

"हं," तू म्हणालीस. ते पत्र मी दिलं नाही.

चौथ्या मॅचचा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही आणि ती टीमही विसरणार नाही. शनिवारी दिवसभर तू पोळ्या करत होतीस. 'माझी आई जेवण आणतेय,' एवढा टेक्स्ट मी सगळ्यांना पाठवला आणि तेवीस जण आले, तेही वेळेच्या आधी. तू बसने आलीस, साडीवर बाबांचा जाड कोट, पायात ट्रेनर्स, मागे ईलिंग रोडवरून घेतलेली चाकांची ट्रॉली. ट्रॉलीत नव्वद पुरणपोळ्या आणि तुपाचा डबा. मॅचला तासभर होता. तू वाढायला लागलीस, आणि पुढे जे झालं त्यात दोष कोणाचाच नव्हता. त्या पोरांना घरी शिकवलेलं की कोणी प्रेमाने वाढलं तर ताटात काही टाकायचं नाही, सगळं संपवायचं. आणि तुला तुझ्या आईने शिकवलेलं की पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढायचं. ते संपवत होते, तू वाढत होतीस. कॅप्टनला मी 'बास' म्हणायला शिकवलं. तो म्हणाला, "बास, काकू." तू कौतुकाने हसलीस आणि आणखी एक वाढलीस, वर तूप.

पुरणपोळी खाल्ल्यावर माणूस आडवा होतो, हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. एजवेअरच्या पलीकडच्या त्या पिचवर ते कोणाला ठाऊक असणार? पहिल्या पंधरा मिनिटांत आमची पोरं चालायला लागली. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या बचावातला एक जण खाली पडला तो उठेना. फिजिओ धावत गेला, तर हा डोळे मिटून शांत पडलेला. कोच, ज्याने स्वतः पाच खाल्ल्या होत्या, बाकावर बसून जांभया देत होता. तो आमचा त्या वर्षीचा सर्वांत मोठा पराभव. परतताना बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, "चुकलंच माझं. खेळाच्या आधी पुरण नको होतं." आणि दोन स्टॉपनंतर, "खेळाच्या आधी काहीच नको. नंतर."

नंतरची ती पंगत तूच सुरू केलीस. मैदानाच्या कडेला कचऱ्याच्या काळ्या बिन बॅग एका ओळीत अंथरायच्या, त्यांवर चिखलाने माखलेली पोरं ओळीने बसवायची, पॅडमुळे मांडी घालता येत नाही म्हणून पाय पसरून. कागदी ताटं. कधी पुलाव, कधी पावभाजी, एकदा चक्क मटकीची उसळ, आणि शेवटी काहीतरी गोड. नियम तीनच. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी सुरू करायचं नाही, आणि सगळ्यांचं संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आणि जो मॅचला नव्हता त्याला ओळीत जागा नाही. पहिल्याच रविवारी आमच्या एका नायजेरियन गड्याने, वजन एकशेवीस किलो, बसल्या बसल्या वडा तोंडात टाकला. तू त्याच्या हातातून ताट काढून घेतलंस. तो उठून उभा राहिला असता तर तू त्याच्या छातीपर्यंत आली असतीस. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "सॉरी, काकू." तू शेवटच्या पोराला वाढून आलीस, मग त्याचं ताट त्याला परत दिलंस, दोन वडे जास्त घालून.

पाचवी मॅच हरलो, सहावी हरलो, सातवी हरलो. पण आई, माणसं कमी झाली नाहीत. दारांवर धडका मारायचं मी बंद केलं, कारण मी पोचायच्या आधी पोरं मिनीबसमध्ये बसलेली असायची. आणखी एक गोष्ट बदलली, ती कोचने पहिल्यांदा ओळखली. आधी तीस पॉइंटांनी मागे पडलो की आमची पोरं एकमेकांवर ओरडायची, कोणी मनगट धरून बाहेर येऊन बसायचं. आता बाहेर कोणी येत नव्हतं. पडलेल्याला दुसरा हात द्यायचा, कारण तासाभराने त्याच्याच शेजारी बसून जेवायचं होतं आणि त्याचं संपेपर्यंत थांबायचंही होतं. कोच मला म्हणाला, तुझी आई काय करते? मी म्हटलं, शाळेत असते. तो म्हणाला, वाटलंच.

आठवी, शेवटची मॅच आमच्याच पिचवर, दुपारी एकला. आकाश खाली आलेलं, चिखल घोट्यापर्यंत. हॉस्टेलात त्या आठवड्यात तापाची साथ होती, आणि साडेबाराला मी मोजले तर सतरा. पुन्हा मोजले. सतरा. अठरावा तापाने फणफणलेला, फोनवर रडत होता. सात मॅच मार खाऊन पुऱ्या केल्या आणि आठवी एका माणसापायी जाणार, क्लबही तिच्याबरोबर जाणार. रेफरी हातातला कागद बघत उभा. तेव्हा कॅप्टनने तो कागद उलटा करून माझ्यापुढे धरला. वर्षाच्या सुरुवातीला खेळाडूंची नावं भरताना शेवटच्या ओळीत मी गंमत म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं, आणि ते तसंच राहिलं होतं. मुलगी चालणार नाही असं नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. दहा मिनिटांत त्यांनी मला पॅड चढवले, आजारी पोराचा शर्ट माझ्या गुडघ्यापर्यंत आला, हेल्मेट नाकावर घसरत होतं. मी कडेला जाऊन उभी राहिले. रेफरीने मोजले. अठरा. त्याने शिट्टी वाजवली तेव्हा मला ओरडावंसं वाटत होतं.

आणि मग ते झालं. समोरच्यांच्या ओल्या हातातून पहिलाच चेंडू निसटला आणि आमचं पोर त्यावर पडलं. चेंडू जिच्यापलीकडे नेला की टचडाऊन होतो आणि सहा पॉइंट मिळतात, त्या रेषेपासून आम्ही सात यार्डांवर. वर्षभरात आम्ही तिथे पोचलोच नव्हतो. पहिला प्रयत्न, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला एक यार्ड मागे. चौथ्या प्रयत्नाला कोचने डोकं खाजवलं आणि सांगितलं, कॅप्टनला द्या. कॅप्टनचं काम नेहमी इतरांसाठी वाट मोकळी करायचं. वर्षभरात त्याच्या हाती चेंडू कधी आला नव्हता. तो त्याने पोटाशी धरला, तान्ह्या बाळासारखा, आणि निघाला. एक जण त्याच्या कंबरेला लटकला, दुसरा पाठीवर, तिसऱ्याने पाय धरला, आणि आमचे सगळे मागून त्याला ढकलतायत. आठ यार्ड जायला त्याला जन्म लागला असं मला वाटलं. तो रेषेपलीकडे कोसळला आणि त्याच्यावर अकरा जण. सहा पॉइंट. सहा-शून्य. आई, आम्ही पुढे होतो. नऊ मिनिटं आम्ही पुढे होतो. कोच पोस्टमनच्या जाकिटात तोंड खुपसून रडत होता, आणि मी कडेला हेल्मेटमध्ये गुदमरत नाचत होते.

तू दोनला आलीस. तोवर सत्तावीस-सहा झालं होतं. ट्रॉली ओढत तू माझ्या शेजारून पुढे गेलीस, मला ओळखलं नाहीस. मी हेल्मेट काढल्यावर तुझा हात तोंडावर गेला. मग तुझं लक्ष फळ्याकडे गेलं.

"हे सहा कोणाचे?"

"आपले."

तू ट्रॉलीचा दांडा सोडलास. "केव्हा?"

"सुरुवातीलाच."

"पण तू दोनला आहे म्हणालीस."

"वेळ बदलली, आई."

"बरं," तू म्हणालीस. तुझा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. लगेच वाकून तू बिन बॅग अंथरायला लागलीस.

शेवटी एकेचाळीस-सहा असे हरलो. शिट्टी वाजली आणि आमचे अठराच्या अठरा मैदानात धावले, मीही, आणि एकमेकांना उचलायला लागले. समोरची जिंकलेली टीम आमच्याकडे बघत उभी. त्यांना कसं कळणार की आठ पूर्ण झाल्या होत्या, क्लब वाचला होता, आणि आमच्या नावावर आता शून्य नव्हतं? आम्ही पंगतीला बसलो. तू वाढत वाढत कॅप्टनपाशी आलीस आणि तुझ्या इंग्लिशमध्ये त्याला विचारलंस, "हाऊ यू डिड?" त्याने पुलावाचा ढीग करून, बटाट्याच्या फोडी मांडून दाखवायचा प्रयत्न केला. तू मान डोलावलीस, पण तुला काही कळलं नाही हे त्याला कळलं. आणि मग ताट खाली ठेवून तो उठला. पंगतीतून, सगळ्यांच्या आधी. आम्ही सगळे तुझ्याकडे बघायला लागलो. तो सरळ चालत समोरच्या टीमच्या बसकडे गेला.

पाच मिनिटांनी परतला तेव्हा त्याच्यामागे अकरा जण होते, हेल्मेट पुन्हा चढवत. त्यांचा कॅप्टन तुझ्यापाशी येऊन म्हणाला, "मिसेस, तुम्ही राहिलात म्हणे बघायच्या." रेफरी निम्मे कपडे बदलून शिट्टी घेऊन आला. सात यार्ड मोजून सगळे चिखलात पुन्हा समोरासमोर उभे राहिले, आणि तुला अगदी रेषेवर, खुर्चीत बसवलं. मला वाटलं होतं ते नाटक करतील. पण मॅच जिंकलेल्या पोरांना खोटं पडायची सवय नसते. शिट्टी झाली आणि त्यांनी आमच्या कॅप्टनला खरोखर धडक दिली. तो थांबला. पुन्हा रेटला. मागून आमचे सगळे भिडले, तो नायजेरियन गडी, ताटावरून उठून आलेला कोच, आणि आई, मीही. मी कोणाच्या तरी पाठीत डोकं घालून ढकलत होते आणि ती भिंत इंचाइंचाने सरकत होती. आम्ही तुझ्या खुर्चीपासून दोन हातांवर पडलो. ते सहा पॉइंट कुठल्याही नोंदीत नाहीत. पण त्या दिवशी आम्ही टचडाऊन दोनदा केला, आणि दुसऱ्यांदा तो जास्त कठीण होता.

तू खुर्चीतून उठलीस. कॅप्टनला खाली बसायची खूण केलीस. तो चिखलात गुडघ्यावर बसला, आणि त्याच्या हेल्मेटवरून हात फिरवून तू आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडलीस. त्याला वाटलं तुला काही दुखतंय. मी म्हटलं, दृष्ट काढली तुझी. नंतर त्यांच्या टीमलाही तू बसवलंस. नेहमीप्रमाणे चाळीस जणांचं केलेलं होतं, ते पुरलं. एवढी मोठी पंगत मी या देशात दुसरी पाहिली नाही. शेवटच्या पोराचा शेवटचा गुलाबजाम संपेपर्यंत कोणी हललं नाही.

घरी जाताना बसमध्ये तुझी रिकामी ट्रॉली दोघींच्या मध्ये होती. तू म्हणालीस, "बरं झालं वेळ बदलली ते. नाहीतर माझ्यासाठी कोणी परत खेळलं असतं?" ते तू पुढे कितीतरी वर्षं सांगत होतीस, पुण्याला फोनवर, मंडळाच्या गणपतीत, हॉस्पिटलमधल्या नर्सलाही. प्रत्येक वेळी मी शेजारी होते आणि प्रत्येक वेळी मी हसून मान हलवली. शनिवारी त्या हॉटेलातही कॅप्टनने ती गोष्ट सांगितली, आणि तशीच सांगितली. म्हणून आज हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं असतं की नाही, देव जाणे.

आई, वेळ बदलली नव्हती. मॅच पहिल्यापासून एकलाच होती. आदल्या रविवारी माझ्या वर्गातली एक मुलगी आमची मॅच बघायला आली होती. तुला वाढताना बघून तिने विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, केटरिंगच्या बाई आहेत. ती पुढच्या रविवारीही येते म्हणाली, म्हणून मी तुला दोन सांगितले. हाफटाइमपर्यंत कंटाळून ती निघून जाईल असा माझा हिशोब होता. त्या दिवशी ती आलीच नाही.